गळ्यातलं आणि दंडावरचं

भवानी पेठेतल्या त्या बोळात शिरलं की आधी भाजत्या भाकरीचा वास येतो आणि मागोमाग चंद्रव्वांचा आवाज. कडक भाकरी करून विकणाऱ्या बाया सोलापुरात काही कमी नाहीत, पण चंद्रव्वांची भाकरी पापडासारखी मोडते आणि डब्यात महिनोन्‌महिने टिकते, म्हणून पुण्या-मुंबईकडे जाणारी माणसं वाट वाकडी करून त्यांच्याकडे येतात. आवाजाचंही तसंच. समोरच्या नीलम्माला काही सांगायचं झालं तर बाई शेगडीपुढून उठत नसत. बसल्या जागेवरून सांगत, आणि ते नीलम्मासकट अख्ख्या बोळाला कळे. मनाने मात्र लोण्याहून मऊ. कुणाच्या घरी बारसं असो की मयत, पहिली भाकरी चंद्रव्वांच्या घरातून जाणार.

या घरात सिद्धेश्वरी दोन वर्षांपूर्वी सून म्हणून आली. माहेर अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या शिवेला लागून. घरात कानडी, शाळेत मराठी. त्यामुळे ती भांडायची कानडीत आणि पाढे म्हणायची मराठीत. बापाचं किराण्याचं दुकान होतं. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या नकला करून ती बापाला हसवून हसवून बेजार करायची. लग्नात तिच्या मावशीने चंद्रव्वांना आधीच सांगून टाकलं, “पोरगी गुणाची हाय, फकस्त तोंड मिटत न्हाई.” त्यावर चंद्रव्वा म्हणाल्या, “मिटू नको म्हणावं. माझा ल्योक तर मुक्याचा भाऊ. घरात बोलायला मी एकटीच हाय.”

ल्योक म्हणजे मंजुनाथ. टॉवेलच्या कारखान्यात कामाला, स्वभावाने गरीब गाय. तिघांचं घर, आणि तिघांच्याही गळ्यात इष्टलिंग. आजकाल सगळेच लिंगायत ते घालतात असं नाही. फोटोपुरतं घालणारेही आहेत. पण चंद्रव्वांच्या घरात तसली सूट नव्हती. आंघोळ झाली की कपाळाला विभूती, मग गळ्यातली चांदीची करडगी उघडायची, आतलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, आणि नंतरच चहाचा घोट. ते अंगावेगळं करायचं नाही. माणूस गेला तरी ते त्याच्याबरोबर मातीत जातं. चंद्रव्वांच्या सासूने त्यांना हे शिकवलं होतं. सिद्धेश्वरीला ते शिकवायची गरज नव्हती, तिच्या माहेरीही तेच होतं.

तर अशा घरात सिद्धेश्वरीला दिवस गेले आणि अशा घरातच तिचं सगळं विझलं.

कारण शोधणाऱ्यांची इथे पंचाईत होते. सासू छळत नव्हती, नवरा पीत नव्हता, बाळ सगळ्यांना हवं होतं. तिची आई वारली होती हे खरं, पण त्यालाही चार वर्षं होऊन गेली होती आणि तिच्यासाठी पोटभर रडून झालं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते आईविना कसं होणार म्हणून चंद्रव्वांनीच पुढे होऊन सांगितलं होतं, “हितंच करू. मी काय मेले व्हय?” आता यात कुठे बोट ठेवणार? पाचव्या महिन्यात उलट्या थांबल्या आणि त्यांच्याबरोबर बाकीचंही थांबलं, एवढंच सांगता येतं.

आधी तिचं गुणगुणणं थांबलं. भाकरी थापताना ती काहीबाही गुणगुणायची, ते बंद झालं. मग नकला थांबल्या. मावशीचा फोन आला की तो वाजू द्यायची. बाळ पहिल्यांदा हललं तेव्हा तिच्या हातात परात होती. चंद्रव्वांनी सांगून ठेवलं होतं की हे कळलं की बाईला हसू तरी फुटतं नाहीतर रडू. सिद्धेश्वरी परात धरून उभी राहिली. शेजारच्या घरात कुणी खाट सरकवावी आणि भिंतीतून आवाज यावा, तसं काहीतरी झालं. मग तिने पीठ मळायला घेतलं.

आणि नेमकं तेव्हाच घराला डोहाळ्यांचं वेड लागलं.

“काय खावंसं वाटतंय गं?” चंद्रव्वा सकाळी विचारत. दुपारी नीलम्मा विचारे. संध्याकाळी मंजुनाथ कारखान्यातून येताना फोनवर विचारे. सुरुवातीला सिद्धेश्वरी खरं तेच सांगायची, “काही नको.” त्यावर चंद्रव्वा कपाळाला हात लावत. “आसं म्हणू न्हाई गं! ती तुझी वासना न्हाई, पोटातल्याची हाय. राहिली तर जलमभर पोराची लाळ गळंल. काही नको म्हणलं की त्ये आत रुसून बसतंय.” मग नीलम्मा आपल्या कुठल्याशा चुलत जावेची कथा सांगे, तिने डोहाळे मनात ठेवले आणि पोराने तीन वर्षं झबलं कोरडं म्हणून ठेवलं नाही. एकंदरीत ‘काही नको’ या उत्तराला त्या घरात बंदी झाली.

म्हणून ती खोटं बोलायला शिकली. एकदा भिंतीवर मिठाईवाल्याचं कॅलेंडर दिसलं तर म्हणाली, “शेंगापोळी.” चंद्रव्वांनी भर उन्हात शेंगदाणे भाजले, गूळ किसला, पोळ्या केल्या, बोळात वाटल्या. सिद्धेश्वरीने दोन खाल्ल्या. तोंडात काहीतरी आहे आणि ते गिळायचं आहे, एवढं तिला कळत होतं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून ती म्हणाली, “मस्त झालीय.” पुढे तिला युक्ती सापडली. एखादं नाव घेतलं की घर दोन-तीन दिवस शांत राहतं. मग ती आळीपाळीने गोड आणि आंबट सांगायला लागली. गोड जास्त झालं की बाया मुलगा म्हणत, आंबट झालं की मुलगी, आणि त्यावरून बोळात वाद होत. तिला दोन्हीचं काही नव्हतं. मंजुनाथ बिचारा कैऱ्या, आवळे, पेढे आणत राहिला.

सातव्या महिन्यात सासू-सून तपासणीला गेल्या तेव्हा दवाखान्यात एक नवीनच गोष्ट सुरू झालेली. वजन, रक्तदाब, रक्त, साखर झालं की गरोदर बायकांना कडेच्या लहान खोलीत पाठवत. तिथे ऋतुजा नावाची मुलगी बसायची. सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, शिकून समुपदेशक झालेली. ती मनाची चौकशी करायची. दारातच म्हणाली, “काकू, तुम्ही जरा बाहेर बसाल का? मला ताईंशी बोलायचंय.”

“ती एकटी?” चंद्रव्वा खुर्ची ओढून बसल्यासुद्धा. “न्हाई बाई. भरल्या पोटाच्या बाईला आमच्यात एकटी सोडत न्हाईत. तुमी इचारा की. मी काय परकी हाय?”

बाहेर रांग होती. ऋतुजाने सुस्कारा टाकला आणि सिद्धेश्वरीकडे वळून विचारलं, “ताई, गेल्या आठ दिवसांत कशावर मनापासून हसलात का?”

“हसली की!” चंद्रव्वा म्हणाल्या. “परवा टीव्हीवर त्या नवरा-बायकोचं भांडण चाललं हुतं, आमी सगळी लई हसलो.”

सिद्धेश्वरीला ते आठवलं. सगळे हसले तेव्हा तिने त्यांच्याकडे बघून ओठ ताणले होते.

“बाळ येणार, त्याची ओढ वाटते?”

“कुणाला वाटणार न्हाई? झबली, टोपडी, समदं शिवून तयार हाय.”

“काकू, त्यांना बोलू द्या ना.”

“आवं, ती लाजती.”

ऋतुजाने खुर्ची थोडी सिद्धेश्वरीकडे सरकवली. “ताई, रडू येतं का? कारण नसताना?”

या वेळी चंद्रव्वांना उत्तर माहीत नव्हतं म्हणून त्या गप्प राहिल्या. “न्हाई,” सिद्धेश्वरी म्हणाली. ते खरं होतं. रडू आलं असतं तर तिला बरंच वाटलं असतं.

“उदास वाटतं?”

“न्हाई.” तेही खरंच होतं. आई गेली तेव्हा ती उदास होती, ते कसं असतं ते तिला ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. हे कसंच नव्हतं.

“शेवटचं विचारते. आपण नसावं, स्वतःचं काही बरंवाईट करावं, असं कधी मनात...”

चंद्रव्वांनी टेबलावर हात आपटला. “शुभ बोल रे नाऱ्या! भरल्या पोटाच्या बाईला आसलं इचारत्यात व्हय? घरी काय कमी हाय तिला? तोंडातनं शब्द पडायचा आवकाश, वस्तू दारात येती!”

सिद्धेश्वरीचं तोंड उघडलं होतं. काहीतरी तिथपर्यंत आलं होतं, काय ते तिलाही नीट माहीत नव्हतं. मग ते परत गेलं आणि तिने ओठ मिटले. ऋतुजाने ते पाहिलं. ती म्हणाली, “पंधरा दिवसांनी पुन्हा या. पण तेव्हा आत ताई एकट्या.” चंद्रव्वा होय म्हणाल्या आणि बाहेर पडल्या पडल्या विसरल्या. घरी येऊन नीलम्माला त्यांनी सगळं साभिनय सांगितलं. “रक्त तपासत्यात, साखर तपासत्यात, आता मन बी तपासत्यात. उद्या म्हणतील सासू तपासायची हाय, आणा तिला!” सगळा बोळ हसला. सिद्धेश्वरीनेही ओठ ताणले.

पंधरा दिवसांनी जायचं राहिलं, कारण आठवा महिना लागला आणि गर्भलिंगाची गडबड सुरू झाली. पोटातल्या बाळालाही इष्टलिंग देण्याची रीत या लोकांत आहे. हल्ली ती फार घरांत उरलेली नाही, पण चंद्रव्वांच्या घरात उरली होती. मठातले स्वामी आले. रांगोळी, विभूती, मंत्र झाले. चांदीची छोटीशी करडगी पांढऱ्या कापडात गुंडाळून त्यांनी सिद्धेश्वरीच्या दंडावर बांधली. “हे बाळाचं,” ते म्हणाले. “जन्माला आलं की त्याच्या गळ्यात घालायचं. तोवर तू सांभाळ. रोज दोन पूजा करायच्या, एक तुझी, एक त्याची.” चंद्रव्वांच्या डोळ्यांत पाणी आलं. मंजुनाथसुद्धा त्या दिवशी चार वाक्यं बोलला. सिद्धेश्वरी पाटावर बसून होती, आणि उन्हाने तापलेल्या पत्र्याचा कडकड आवाज ऐकत होती.

ती दोन्ही पूजा करायची. कंटाळा नव्हता, भक्ती नव्हती, हात आपोआप चालत. एक दिवस बाळाची करडगी उघडताना तिच्या मनात आलं की हे आपण सांभाळतोय ते दुसऱ्याचं आहे, त्याचं त्याला दिलं की झालं. मग तो विचार गेलाच नाही. बाळ बाहेर येईल. त्याला बघायला चंद्रव्वा आहेत, खेळवायला नीलम्मा आहे, बाप तर जीव टाकेल. वरच्या दुधावरही पोरं वाढतात. एवढं झालं की आपलं काम संपलं, मग आपण असायची गरज नाही. तिला मरायचं होतं असं म्हणणंही जास्तीचं होईल, कारण हवं-नको यातलं तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं. बाळंतपणाच्या पलीकडचं ती बघायला जायची तेव्हा तिथे पाळणा दिसायचा, चंद्रव्वा दिसायच्या, वाळत घातलेली दुपटी दिसायची, आणि ती स्वतः नसायची. त्याची तिला भीती वाटत नव्हती. मला विचाराल तर भिण्यासारखं तेच होतं. पण पोट वाढत होतं, वजन वाढत होतं, डोहाळे पुरवले जात होते, आणि घर खुशीत होतं.

मग एका सकाळी तिने आंघोळ केली, दंडावरचं सोडलं, बाळाची पूजा केली आणि ते नीट परत बांधलं. आपली करडगी हातात घेतली. ती उघडलीच नाही. ओल्या मानेला तिचा दोरा काचत होता. समोर फळीवर शेंगाचटणीचा रिकामा डबा होता. तिने दोरा डोक्यातून काढला, करडगी त्या डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि भाकरी थापायला गेली. पदर अंगभर घ्यायची सवय होतीच. कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि थोड्या वेळाने तिच्याही लक्षात राहिलं नाही.

सोमवारी चंद्रव्वा तिला तेल लावून न्हाऊ घालायच्या. सुनेला न्हाऊ घालणारी सासू बोळात दुसरी नव्हती, आणि याचा चंद्रव्वांना गर्वही होता. त्या सोमवारी बाहेर शेगडीवर लग्नाच्या ऑर्डरच्या भाकरी मंद आचेवर होत्या. न्हाणीत सिद्धेश्वरी परकर छातीशी बांधून पाटावर बसली होती. चंद्रव्वांनी केसांना शिकेकाई लावली, पाठ चोळली, आणि मान चोळायला दोरा बाजूला सारावा म्हणून बोटं नेली. सारायला काहीच नव्हतं.

“दोरा तुटला व्हय गं?”

“न्हाई.”

“मग लिंग कुटं हाय?”

“डब्यात.”

“कसल्या डब्यात?”

“चटणीच्या.”

एरवी एवढ्यावर पत्रा उडाला असता आणि नीलम्मा धावत आली असती. पण चंद्रव्वांचा आवाज त्या दिवशी निघालाच नाही. हळू विचारलं, “कुणी काढलं?”

“मीच.”

“कवा?”

“आठवत न्हाई, अत्ती.” सासूला ती माहेरच्या कानडीतलं अत्ती म्हणायची.

“आन दंडावरचं हे?”

“ते बाळाचं हाय. त्याची पूजा करते की रोज.”

“आन तुझी?”

सिद्धेश्वरीने खरोखर विचार केला. केसांतून पाणी गळत होतं. तिला यात अवघड काय आहे ते कळेना. “माझी कशाला?” ती म्हणाली.

चंद्रव्वा ओल्या फरशीवर तशाच बसल्या. लुगडं भिजलं. त्या समोरच्या पोरीकडे बघत होत्या, आणि बघता बघता त्यांना बरंच काही दिसलं असावं, शेंगापोळी खाताना न हललेलं तोंड, न उचललेले फोन, बंद पडलेलं गुणगुणणं, आणि दवाखान्यातल्या पोरीचा तो शेवटचा प्रश्न. ज्या प्रश्नावर त्यांनी टेबलावर हात आपटला होता तोच प्रश्न आता त्यांच्या तोंडात आला, आणि आला तो कानडीत, कारण स्वतःच्या आईशी त्या त्याच भाषेत बोलायच्या.

“इरूद ब्याड अनस्तदेनवा?” राहू नये असं वाटतंय का गं बाई?

“हूं,” सिद्धेश्वरी म्हणाली.

खोटे डोहाळे सांगायला लागल्यापासून सासूला आपल्या मनाचं दिलेलं ते पहिलं खरं उत्तर. आता ओरडा बसेल नाहीतर रडारड होईल, असं तिला वाटलं, आणि ती त्याची वाट बघत बसली. चंद्रव्वांनी हात पुढे करून बादलीतलं पाणी चाचपलं. कोमट होतं. डोक्यात शिकेकाई ठेवून कुणाला उठवायचं नसतं, म्हणून त्यांनी तांब्या तांब्या ओतून तिचे केस नीट धुतले. पुसले. कोरडी साडी दिली. मग बाहेर जाऊन शेगडी बंद केली. तव्यावर अर्धवट भाजलेल्या भाकऱ्या तशाच राहिल्या, त्या पुन्हा नीट होत नाहीत. नीलम्मा खिडकीतून ओरडली, “काय गं, जळाल्या काय?” चंद्रव्वा म्हणाल्या, “जळू दे. घराकडं बघ.” आणि फळीवरचा डबा घेऊन सुनेचा हात धरून निघाल्या. मे महिन्याचं ऊन भाजून काढत होतं. रिक्षात त्यांनी मंजुनाथला फोन लावला आणि एवढंच म्हणाल्या, “सुट्टी टाकून दवाखान्यात ये. न्हाई, बाळ बरं हाय. सिद्धू बरी न्हाई.”

ऋतुजाच्या खोलीत चंद्रव्वा खुर्चीवर बसल्याच नाहीत. “आमच्यात हे मेल्यावर बी काढत न्हाईत,” डब्याचं झाकण उघडून त्या म्हणाल्या. “हिनं काढलंय.” ऋतुजा लिंगायत नव्हती, तरी जास्त सांगावं लागलं नाही. तिने डब्यात पाहिलं, सिद्धेश्वरीच्या गळ्याकडे पाहिलं आणि उठून बाहेरच्या रांगेला थांबायला सांगितलं.

“त्या दिशी उत्तरं मी दिली,” चंद्रव्वा म्हणाल्या. “ती माझी हुती. आता तिची घे. मी भाईर बसते.”

दारात त्या घुटमळल्या. “दार लावू का उगडं ठिवू?”

“ताईंना विचारा,” ऋतुजा म्हणाली.

चंद्रव्वांनी सुनेकडे पाहिलं. “लावा,” ती म्हणाली. भरल्या पोटाच्या बाईला एकटी सोडू नये म्हणणाऱ्या चंद्रव्वांनी स्वतःच्या हाताने दार ओढून घेतलं.

ऋतुजाने तेच प्रश्न पुन्हा विचारले, घाई न करता, आणि गावाकडच्या बोलीत. मनापासून हसला का? न्हाई. बाळाची ओढ वाटते? न्हाई. झोप येते? येते, पण झोपल्यासारखं वाटत न्हाई. उदास? न्हाई. “मग कसं वाटतंय, सांगा की.” पंखा कुरकुरत होता. “तापात तोंडाची चव जाते ना,” सिद्धेश्वरी म्हणाली, “तसं. पण समद्याची गेलीय. माणसांची बी.”

ऋतुजाने शेवटचा प्रश्न आवाज खाली न आणता विचारला.

“आत्ता न्हाई,” सिद्धेश्वरी म्हणाली. “बाळ झाल्यावर.”

ऋतुजाचा हात टेबलावरून पुढे आला आणि तिच्या हातावर येऊन थांबला. ती म्हणाली की हा आजार आहे. गरोदरपणात पुष्कळ बायकांना होतो, चांगल्या घरातल्यांनाही होतो, लाडाने जात नाही आणि रागावल्यानेही जात नाही, पण उपचाराने जातो. तुमची यात चूक नाही. मोठ्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीण बाई आहेत, आजच जाऊ, मी स्वतः बरोबर येते. बाळंतपणाच्या आधी, बाळंतपणात आणि नंतर पुष्कळ दिवस आम्ही तुमच्यावर लक्ष ठेवणार, घरच्यांनाही समजावणार. इथे तिला एकदम हलकं वाटलं असं सांगायचा मोह मला होतो. तसं झालं नाही. तिने सगळं ऐकलं, समजलं, आणि मान हलवली. फक्त इतके दिवस ज्याला नाव नव्हतं त्याला ‘आजार’ हे एक नाव मिळालं होतं, आणि समोरची मुलगी तिचं उत्तर ऐकून दचकली नव्हती.

दार उघडलं तेव्हा चंद्रव्वा बाकावर बसल्या होत्या. डोळे लाल होते. डबा मांडीवर रिकामा होता. सुनेची करडगी धुऊन, पदराने पुसून, त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातली होती, आपल्या करडगीच्या शेजारी. सिद्धेश्वरी बसली तशा त्या म्हणाल्या, “हे तुझ्या गळ्यात आता बळंच घालत न्हाई. तवर मी सांबाळते. तुझी पूजा बी मीच करते. तुला पायजे वाटंल तवा माग.” मग जराशाने, “न्हाई वाटलं तरी माझ्याजवळ हाय, कुटं जात न्हाई.”

ऋतुजा रिक्षा बघायला फाटकाकडे गेली. ऊन बाकाच्या टोकापर्यंत आलं होतं. सकाळपासून पोरीच्या पोटात काही नाही हे चंद्रव्वांना आठवलं, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, “काय खावंसं वाटतंय गं?” विचारलं आणि त्यांनी जीभ चावली.

सिद्धेश्वरीच्या तोंडात नाव तयार होतं. शेंगापोळी, कैरी, काहीही. एक नाव घेतलं की दोन-तीन दिवस शांत. तिने ते घेतलं नाही.

“काही नको, अत्ती.”

चंद्रव्वांनी या वेळी पोराच्या लाळेचं काढलं नाही, रुसव्याचं काढलं नाही. त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “बरं,” त्या म्हणाल्या. “काही नको तर काही नको.”

फाटकापाशी मंजुनाथ कारखान्याच्या कपड्यांतच घाबराघुबरा येताना दिसला, आणि त्याच्या मागे रिक्षा. सिद्धेश्वरी सासूच्या गळ्याकडे बघत होती. तिथे दोन दोरे होते, दोन्ही पांढरे, दोन्ही घामाने भिजलेले. त्यातला आपला कुठला ते तिला ओळखू आलं.